ट्रिपला गेल्यावर बारकं पोर आजारी पडलं तर काय करायचं (सौंदत्तीतल्या एका रात्रीनंतर लिहिलेलं)

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. बेळगावात राहणारी एक आई आहे, पोरगा अडीच वर्षांचा, आणि खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं चुका करून कळलंय आणि निम्मं नंतर आमच्या मुलांच्या डॉक्टरांसमोर वही घेऊन बसून विचारून घेतलंय. दिवाळीच्या सुट्टीत सासूबाईंचा यल्लम्माचा नवस फेडायचा म्हणून आम्ही सहाजण एका गाडीतून सौंदत्तीला निघालो. दर्शन, मग नविलुतीर्थ धरण, दुसऱ्या दिवशी येताना गोकाकचा धबधबा आणि तिथली करदंट मिठाई, असा सगळा प्लॅन. यरगट्टीच्या पुढं बारक्यानं गाडीत उलटी केली. सगळ्यांचं एकच, "गाडी लागली असंल, लिंबू द्या हुंगायला." रात्री अकरा वाजता लॉजवर त्याला पाचव्यांदा जुलाब झाले तेव्हा आमच्याकडं एक लिंबू, अर्धी बाटली पाणी आणि सहाजणांची सहा मतं होती.

त्या रात्री मला कळलं ते एवढंच, की पोराचं दुखणं बहुतेक वेळा साधंच असतं, घोळ होतो तो आपण पोर सोडून प्लॅनकडं बघत बसतो म्हणून. एवढ्या लांब आलोय तर दर्शन तरी करू, लॉजचे पैसे भरलेत, उद्या यांची सुट्टी संपते, हे सगळं डोक्यात चालू असतं आणि पोरगं मागच्या सीटवर मलूल पडलेलं असतं. म्हणून आता आमच्या घरात नियम आहे, तीनच प्रश्न विचारायचे: पितंय का, शू करतंय का, आणि हाक मारली की नीट बघतंय का. बाकी सगळं नंतर.

गाडी लागलीय की आजार आहे, हे आधी ठरवा

गाडी लागणं हे साधारण दोन ते बारा वर्षांच्या पोरांना जास्त होतं. चोर्ला घाट, आंबोली, अनमोड, ह्या वळणांवर तर मोठ्यांचंही पोट ढवळतं. पोरगं आधी गप्प होतं, जांभया देतं, चेहरा पांढरा पडतो, मग उलटी. गाडी थांबवून मोकळ्या हवेत फिरवलं की हळूहळू सुधारतं आणि पाऊण-एक तासात खायला मागतं. असं झालं तर गाडी लागली म्हणा आणि पुढं चला, फक्त मोबाईल हातात देऊ नका, पुढच्या काचेतून बाहेर बघायला लावा, आणि निघताना पोटभर पोहे किंवा दूध पाजून घाटात शिरू नका.

पण गाडी थांबून तास झाला तरी उलट्या चालूच आहेत, किंवा अंग तापलंय, किंवा जुलाब सुरू झालेत, तर ती गाडी नाही. आमचा रस्ता घाटाचा पण नव्हता हो, सपाट रस्ता, तरी आम्ही गाडी लागली म्हणूनच बसलो आणि वर यल्लम्माच्या डोंगरावर पोचल्यावर "सकाळपासून उपाशी आहे" म्हणून त्याला दहीभात भरवला, जो दहा मिनिटांत बाहेर आला. चार तास असे वाया गेले.

पाणी पाजायचं कसं (सगळ्यात जास्त चुका इथंच होतात)

उलट्या-जुलाबात पोराला त्रास होतो तो अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्यानं, त्यामुळं औषध शोधत फिरायच्या आधी ओआरएस. आणि ओआरएस म्हणजे पाकिटातली पावडर, पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेली. आमच्या यांनी रात्री मेडिकलमधून धावत जाऊन आणलं ते पिवळ्या-नारंगी खोक्यातलं गोड सरबत निघालं, आणि ते पाजल्यावर जुलाब वाढलेच. नंतर कळलं की साखर जास्त झाली की ती आतड्यात उलट पाणी ओढून घेते. डब्ल्यूएचओच्या पाकिटात एक लिटरला ग्लुकोज साडेतेरा ग्रॅमच असतं, आणि मीठ २.६ ग्रॅम. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं (केंद्राचं अन्नसुरक्षेचं खातं) अशा गोड पेयांच्या नावात ओआरएस हा शब्दच वापरायला मनाई केली, पण दुकानातला माणूस घाईत काय हातात देईल सांगता येत नाही, तुम्ही स्वतः वाचून घ्या. कोल्ड्रिंक, ग्लुकोज पावडर, डब्यातला ज्यूस, हे सगळं त्याच लायनीत.

पाकीट दोन साईजचं मिळतं. मोठं एक लिटरचं, छोटं २०० मिलीचं. मोठं पाकीट असेल तर एक लिटरची सीलबंद पाण्याची बाटली घ्या आणि पूर्ण पाकीट त्यातच ओता. अर्धं पाकीट ग्लासात, चिमूटभर फुलपात्रात असं करायचं नाही, मिठाचं प्रमाण चुकलं तर नुकसान होतं. एकदा मिसळलं की २४ तास चालतं, उरलेलं टाकून द्यायचं. त्यात साखर, मध, लिंबू काही घालू नका, चव लागत नाही म्हणून आमच्या आत्याबाई रसना घालायला निघाल्या होत्या!

आता पाजायचं कसं. पोरगं तहानलेलं असतं, ग्लास धरला की घटाघटा पितं, आपल्याला बरं वाटतं आणि लगेच सगळं बाहेर. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, मग चमच्यानं सुरू, एक-दोन मिनिटाला एक चमचा, घड्याळ लावून. कंटाळवाणं काम आहे, अर्ध्या तासानं हात दुखतो, म्हणून घरातल्यांनी पाळी लावून घ्या (सहा मतं होती तिथं बारा हातही होते की). पाच मिलीचा एक चमचा धरला तर दोन मिनिटाला एक ह्या हिशेबानं तासात दीडशे मिली पोटात जातं, म्हणजे दिसायला थोडं वाटतं पण खूप आहे. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या पोराला ५० ते १०० मिली आणि त्यावरच्याला १०० ते २०० मिली जादा द्यायचं असं डॉक्टरांनी सांगितलं. अंगावर पिणारं बाळ असेल तर दूध अजिबात बंद करायचं नाही, उलट जास्त वेळा घ्या पदराखाली.

पाकीट मिळालंच नाही, रात्रीचे दोन वाजलेत, तर लॉजच्या किचनमधून मागून एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. हे सकाळपर्यंतचं काम चालवायला, पाकीट मिळालं की तेच.

खायला? उलटी थांबून चार-पाच तास झाले की गुरगुट्या भात, मुगाची पातळ खिचडी, केळं, ताकभात. "पोटाला विश्रांती" म्हणून उपाशी ठेवायची जुनी पद्धत आता डॉक्टर सांगत नाहीत. पण खाल्लं नाही तरी घाबरू नका, एक-दोन दिवस खाणं कमी झालं तर चालतं, पिणं कमी झालं तर नाही.

ताप असेल तर वजन माहीत पाहिजे

१००.४ फॅरेनहाइटच्या वर ताप धरायचा, आणि तो हात लावून नाही, थर्मामीटरनं. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि एवढा ताप असेल तर पुढचं काही वाचू नका, थेट दवाखाना.

पॅरासिटामॉलचा डोस वयावर किंवा "एक झाकण" वर ठरत नाही, वजनावर ठरतो. एका किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन डोसमध्ये चार ते सहा तास, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. आमचा बारका १२ किलोचा, म्हणजे १८० मिलिग्रॅम. आता गंमत बघा, एकाच औषधाच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. ५ मिलीत १२० मिलिग्रॅम वाली असेल तर साडेसात मिली, ५ मिलीत २५० वाली असेल तर ३.६ मिली, आणि थेंबांची छोटी बाटली, १ मिलीत १०० वाली, तर फक्त १.८ मिली. घरी १२० वाली वापरायची सवय आणि ट्रिपमध्ये मेडिकलवाल्यानं २५० वाली दिली, आपण नेहमीसारखं साडेसात मिली पाजलं, की झालाच डबल डोस. बाटलीवरचा आकडा बघितल्याशिवाय झाकण उघडू नका, आणि किती वाजता दिलं ते मोबाईलवर लिहून ठेवा, नाहीतर आई एकदा देते, आज्जी एकदा देते.

दिवाळीच्या आसपास आपल्याकडं डेंग्यू असतो, त्यामुळं नुसता ताप असेल तर आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड वाली "स्ट्राँग" सिरप मेडिकलवाल्यानं दिली तरी घेऊ नका, फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन तर मुलांना नाहीच. थंडगार पाण्याच्या पट्ट्या, बर्फ नको. शाली-स्वेटरमध्ये गुंडाळणं पण नको, एक पातळ कपडा पुरे.

तापात झटके आले तर, हे सहा महिने ते पाच वर्षांच्या पोरांमध्ये होतं आणि बघणाऱ्याचं काळीज फाटतं. कुशीवर झोपवा, आजूबाजूचं सामान बाजूला करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवायचा नाही. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, तरी पहिल्यांदा आला असेल तर थांबल्यावरही डॉक्टरला दाखवायचंच. पाच मिनिटं उलटली, किंवा पुन्हा आला, तर १०८.

काय द्यायचं नाही

जुलाब लगेच बंद करणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या (लोपेरामाइड) पोराला अर्धी तोडून पण नाही. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक नाही, बहुतेक जुलाब व्हायरसचे असतात. उलटीचं औषध डॉक्टरनं वजन बघून दिलं तर ठीक. खोकल्याची सिरप मेडिकलमधून मागून नको, सर्दीच्या सिरपमध्ये क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असेल तर चार वर्षांखाली द्यायची नाही असं सरकारनंच २०२३ मध्ये सांगितलंय. आणि दृष्ट काढायला माझी ना नाही, आमच्या सासूबाईंनी पण मीठमोहरी ओवाळली, पण चमचा दुसऱ्याच्या हातात चालू ठेवून!

कधी उठून पळायचं

सहा-आठ तास शू नाही, किंवा डायपर एवढा वेळ कोरडाच. रडतंय पण डोळ्यांत पाणी नाही. डोळे खोल, बाळाची टाळू आत गेलेली. पोटाच्या कातडीला हलका चिमटा काढून सोडला तर ती सावकाश खाली बसते. चमच्यानं दिलेलंही टिकत नाही. शौचात रक्त. उलटी हिरवी. झोपेतून उठवलं तर उठत नाही किंवा उठून नीट बघत नाही. मान ताठ, किंवा अंगावर लालजांभळे ठिपके जे बोटानं दाबून फिके पडत नाहीत. श्वास लागलाय: शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा, दोन महिन्यांच्या आत ६० किंवा वर, एक वर्षापर्यंत ५० किंवा वर, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा वर म्हणजे जास्त, आणि बरगड्यांच्या खाली पोट आत ओढलं जात असेल तर मोजत पण बसू नका. ह्यातलं एक जरी असलं तरी रात्र काढायचा विचार सोडा.

ह्याच्या उलट, चमच्यानं पितंय, थोडी का होईना शू झालीय, मधेमधे हसतंय, तर रात्री गाडी काढू नका. हे मला नवऱ्याशी भांडून सांगावं लागलं. त्यांचं म्हणणं घरी गेलेलं बरं. पण चालत्या गाडीत अंधारात चमचा कुणी देणार, पोराचा चेहरा कुणाला दिसणार? लॉजचा लाइट आणि संडास गाडीपेक्षा कधीही बरा.

कुठं जायचं, घरी की जवळ

आपल्या भागातली गोची ही की "बेळगावला जाऊ" हे तोंडात बसलेलं असतं. सौंदत्तीहून बेळगाव ८० किलोमीटरच्या आसपास, धारवाड ४० च्या आसपास, आणि तालुक्याचा सरकारी दवाखाना तर गावातच, डोंगराच्या खाली. म्हणून ट्रिपच्या आधीच बघून ठेवा. चोर्ला उतरून गोव्याकडं गेला असाल तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. आंबोलीत असाल तर खाली सावंतवाडी नाहीतर वर गडहिंग्लज, बेळगावचा हट्ट नको. दांडेलीहून धारवाड-हुबळी. खानापूर, निपाणी, गोकाक इथं असाल तर आधी तिथलाच दवाखाना, सलाईन लावायला मोठं शहर लागत नाही. बेळगावात आल्यावर जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स आहे, नेहरूनगरात केएलईचं हॉस्पिटल आहे.

१०८ हा ॲम्ब्युलन्सचा नंबर कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तिन्हीकडं एकच आहे, पण बॉर्डरवर फोन कुठल्या राज्याचा टॉवर पकडेल त्याचा भरवसा नाही, म्हणून फोन लागला की आधी राज्य, मग तालुका, मग गाव आणि रस्त्यावरच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा सांगा. कणकुंबीच्या पुढं घाटात सिग्नल जातो येतो, तिथं थांबून फोन लावत बसण्यापेक्षा गाडी असेल तर वस्तीकडं निघा.

भाषेचं म्हणाल तर बेळगाव, खानापूर, निपाणीकडं मराठी चालतं, यरगट्टी ओलांडलं की रात्रीच्या नर्सला मराठी येईलच असं नाही, आणि घाबरल्यावर आपलं मोडकं कन्नड पण आठवत नाही. हे मोबाईलमध्ये लिहून ठेवा: आस्पत्रे एल्लैती (दवाखाना कुठं आहे), मगुविगे ज्वर बंदैती (पोराला ताप आलाय), वांती माडाकत्तैती (उलट्या करायलंय), भेदी म्हणजे जुलाब, उच्चे माडिल्ला म्हणजे शू केली नाही, मक्कळ डॉक्टर म्हणजे मुलांचे डॉक्टर. एवढं बोललात की समोरचा माणूस स्वतःच मराठी-हिंदी सुरू करतो, असा माझा अनुभव आहे.

दवाखान्यात गेल्यावर कहाणी सांगायची नाही. वय, वजन, किती वाजल्यापासून, किती उलट्या, किती जुलाब, शेवटची शू कधी, कुठलं औषध किती वाजता, कशाची ॲलर्जी. आम्ही पहाटे गेलो तेव्हा यातलं मला एकही नीट सांगता आलं नाही, सासूबाई "सकाळपासून" म्हणायल्या, हे "संध्याकाळपासून" म्हणायले. डॉक्टर भले माणूस, त्यांनीच तो दोन मिनिटाला एक चमचा वाला हिशेब शिकवला आणि सलाईनशिवाय सकाळी नऊ वाजता पोरगं बिस्कीट मागायला लागलं.

जंगलाकडं गेला असाल तर अजून एक

डिसेंबर ते मे मध्ये जंगलातल्या होमस्टेला जात असाल तर गोचीड. गोचीड चावून होणारा माकडताप (केएफडी) हा १९५७ मध्ये शिमोग्याकडं क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला, पण आता गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गात दोडामार्गाकडं पण त्याचे पेशंट सापडलेत, म्हणजे आपल्या चोर्ल्याच्या अगदी शेजारी. पोराला पाचोळ्यावर बसवू नका, फुल पँट-मोजे घाला, संध्याकाळी आंघोळ घालताना कानामागं, काखेत, जांघेत बघा. मेलेलं माकड दिसलं तर लांब राहा आणि गावात सांगा. परत आल्यावर आठवडा-दीड आठवड्यात जोराचा ताप आला तर डॉक्टरना "जंगलात गेलो होतो" हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

पिशवी

जास्त नाही, एक छोटी पिशवी: ओआरएसची चार पाकिटं, थर्मामीटर, ओळखीच्या ताकदीची पॅरासिटामॉल आणि मिलीचे आकडे असलेली सिरिंज (चमचे सगळीकडं वेगळे असतात), साबणाची वडी, जादा डायपर, दोन जुने टॉवेल, प्लास्टिकच्या पिशव्या उलटीसाठी, एक स्टीलचा चमचा-वाटी. आणि एका कागदावर पोराचं वजन आणि डोस, लसीच्या कार्डाचा फोटो. साबण मुद्दाम लिहिलाय, कारण जुलाबाचे काही व्हायरस सॅनिटायझरनं नीट मरत नाहीत. डायपर बदलला की साबणानंच हात धुवायचे, नाहीतर तिसऱ्या दिवशी अख्खी गाडी आडवी होते, आमच्यात आत्याबाई आणि ड्रायव्हिंग करणारे हे दोघंही झाले.

परत आल्यावर

गोकाक राहिलंच, करदंट यांनी नंतर बेळगावातूनच आणून दिलं. पोरगं दोन दिवसांत अंगणात पळायला लागलं, जुलाब थांबले, आणि इथंच सगळ्यांचं लक्ष उडतं. डॉक्टरांनी झिंकची गोळी दिलेली असते, सहा महिन्यांवरच्या पोराला रोज २० मिलिग्रॅम, चमचाभर पाण्यात विरघळवून, १० ते १४ दिवस, पोर बरं झालं तरी. चौथ्या दिवशी मी विसरले, पाचव्या दिवशी पण, मग सासूबाईंनी पाकीट देवाच्या फळीवर दिव्याशेजारी नेऊन ठेवलं. सकाळी दिवा लावला की आधी गोळी.